मधातली फ्लॉपी

प्रतिभाचं लग्न सत्तावीस गुणांनी जुळलं होतं, आणि तिच्या सख्ख्या भावानं ते एका फ्लॉपीनं मोडत आणलं.

भावाचा हेतू वाईट नव्हता. वाईट हेतूनं माणूस एवढा गोंधळ करूच शकत नाही. त्याला उत्साहच लागतो, आणि तो अरविंदकडे भरपूर होता. सौंसरच्या बाजाररस्त्यावर, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यानं 'कॉम्प्युटर कुंडली केंद्र' थाटलं होतं. अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत कॉम्प्युटर म्हणावी अशी वस्तू ती एकच. मोहगाव, रामाकोना, पार पांढुर्ण्यापर्यंतचे लोक पोरापोरींच्या जन्मवेळा घेऊन येत, देवळात काढाव्यात तशा दारात चपला काढत आणि त्या यंत्राला बिचकत नमस्कार करत. घरातला एकमेव कूलर यंत्राच्या खोलीत होता. घरची माणसं मागच्या खोलीत घाम पुसत बसत.

भिंतीवर अरविंदनं स्वतः रंगवलेली पाटी होती: 'चपला बाहेर काढाव्या. जन्मतारीख इंग्रजी सांगावी. कॉम्प्युटर खोटे बोलत नाही.' यातली पहिली ओळ लोक पाळत आणि तिसरी मानत. दुसरी मात्र कोणीही वाचत नसे, आणि तिच्यातच सगळी ग्यानबाची मेख होती.

आपल्याकडे रात्र ही मागच्या दिवसाची असते. पोर पहाटे तीनला जन्मलं तरी आई सांगणार, "सोमवारच्या रात्री झालं." इंग्रजी हिशेबात तेव्हा मंगळवार लागलेला असतो, आणि कॉम्प्युटर पडला इंग्रजी. एक दिवस चुकला की नक्षत्र चुकतं आणि नक्षत्र चुकलं की गुण चुकतात. म्हणून रात्री बारानंतरचा जन्म असला की अरविंद न विचारता तारीख एक दिवस पुढे टाकायचा. दोन वर्षांत हे त्याच्या बोटांत इतकं मुरलं होतं की आपण असं काही करतो हेसुद्धा तो विसरून गेला होता.

धोंड्याच्या महिन्यात नागपूरहून श्रावण आला. श्रावण म्हणजे अरविंदचा कॉलेजातला मित्र. कुंडलीचा तो प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. त्यानं शबनममधून जपून एक काळी फ्लॉपी काढली. अरविंदचे वडील झोपाळ्यावर बसून पाहत होते. त्यांना सारं गाव दादाजी म्हणे, म्हणून घरचेही म्हणत.

"हे का आणलं बाप्पा आता?" दादाजींनी विचारलं.

"सुधारणा आहे, दादाजी. मोठा नवीन प्रोग्राम दिवाळीले येऊन राहिला. पण त्याले मशीन नवीन लागते. जुन्या मशीनवाल्याइनं का तोंड पाहत बसावं? म्हणून त्या नव्यातला कामाचा तुकडा तेवढा काढला आणि जुन्यात बसन असा करून आणला."

"मतलब जुनं सरलं नाही, नवीन लागलं नाही, आणि मधातच हे."

"बराबर."

"म्हंजे धोंड्याचा महिनाच म्हण ना," दादाजी म्हणाले. कॉम्प्युटरची एखादी गोष्ट त्यांना समजल्याचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि समजताक्षणीच ते बिथरले. "मंग तं बिलकुल नाही. अधिकात नवीन काम सुरू करत नसते. पुढच्या महिन्यात घाला."

अरविंद वाद घालणार होता, पण श्रावण हुशार. "दादाजी, अधिकात घराचे कवेलू फेरता येते का नाही?"

"ते तं फेराच लागते. पाणी कोणासाठी थांबते?"

"मंग हे कवेलूच समजा. घर जुनंच हाय, दोनचार कवेलू तेवढे नवीन."

कौलांचा दाखला आल्यावर दादाजींचा नाइलाज झाला. निदान हळदकुंकू तरी वाहू द्या म्हणून ते ताम्हण आणायला उठले, तशी अरविंदनं फ्लॉपी छातीशी धरली. मागच्या दसऱ्याला शस्त्रपूजेत दादाजींनी जपून ठेवलेल्या जादा फ्लॉपीची साग्रसंगीत पूजा केली होती. कुंकू नेमकं त्या उघड्या खाचेतल्या चकतीवर वाहिलं, वर अक्षता. तेव्हापासून ती फ्लॉपी देव्हाऱ्यात होती आणि कॉम्प्युटर तिला ओळख देत नव्हता.

श्रावणनं नव्या फ्लॉपीतला तुकडा जुन्या प्रोग्रामवरच चढवला. बसची वेळ झाली म्हणून निघता निघता तो म्हणाला, "आणि ते रातच्या जन्माचं लफडं होतं ना, तेही मिटवून टाकलं." अरविंद म्हणाला, "झकास." त्या लफड्यात आपली बोटंही सामील आहेत हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी व्याही मंडळी आली. पांढुर्ण्याचे पुंडलिकराव, संत्र्याचे व्यापारी, आणि त्यांच्या आई केसरबाई. मोहगावला नातलगाकडे धोंड्याचं जेवण होतं, म्हणून वाटेत डोकावले. पुंडलिकरावांचा मुलगा प्रभाकर रामाकोन्याच्या शाळेत मास्तर होता आणि प्रतिभाला तो मनापासून आवडला होता. तसं तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. पण रामाकोन्याच्या बसचा हॉर्न तिला आता मागच्या खोलीतूनही ओळखू येत असे. अधिक सरला की साखरपुडा, असं ठरलेलं होतं. पाहुण्यांनी पाणी प्यावं, चहा घ्यावा आणि पुढे जावं, एवढंच बाकी होतं.

पण अरविंदला राहवेना. "आजी, नवीन सुधारित प्रोग्राम आला. दोघांचा ताजा कागद काढून देऊ का? साखरपुड्यात ठेवता येईन, चांगला दिसते."

"काढ बाप्पा," केसरबाई म्हणाल्या. "घरचाच हाय तं."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. अरविंदनं प्रतिभाची तारीख टाकली. ती भर दुपारची. मग प्रभाकरची जुनी चिठ्ठी समोर घेतली. त्याचा जन्म रात्री तीनचा. बोटांनी आपलं सवयीचं काम केलं. प्रिंटर करवतीसारखा आवाज करत सुरू झाला, कागद हळूहळू वर सरकला, आणि अरविंदनं तो न वाचताच कौतुकानं पुंडलिकरावांच्या हातात दिला.

पुंडलिकरावांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. "नऊ," ते म्हणाले.

"का नऊ?" केसरबाईंनी विचारलं.

"गुण. छत्तीसातले नऊ."

चहाचा ट्रे घेऊन प्रतिभा दारात आली होती, ती तिथंच उभी राहिली. अरविंदनं परत आकडे टाकले. परत नऊ आले. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असं भिंतीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि केसरबाई आता नेमकी तीच ओळ देवाचं नाव घेत असल्यासारखी पुटपुटत होत्या.

"पहिले सत्तावीस होते ना? मंग अठरा कुठं गेले?"

"ते जुन्या फ्लॉपीतले होते, आजी," अरविंद कसाबसा म्हणाला.

"मतलब नवीन जास्त खरं सांगते."

यावर हो म्हणावं तर बहिणीचं लग्न जातं आणि नाही म्हणावं तर दुकान.  केसरबाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "अधिक सरू द्या. मंग पाहू."

लग्नाच्या बोलण्यात 'नाही'पेक्षा 'मंग पाहू' वाईट. नाही म्हटलं तर माणूस भांडू तरी शकतो. पाहुणे गेल्यावर प्रतिभानं गार झालेला चहा मोरीत ओतला आणि भावासमोर येऊन उभी राहिली.

"दादा, तुले कोणं सांगतलं होतं?"

 अरविंदला मनापासून वाईट वाटलं, इतकं की त्या दिवशी त्यानं कूलरही बंद करून टाकला.

बातमी मात्र कूलरशिवायही पसरली. नव्या फ्लॉपीत गुण नवीन निघतात, हे संध्याकाळपर्यंत बाजारात झालं, आणि सकाळी दुकानासमोर रांग लागली. नवे उपवर कोणीच नव्हते. सगळी लग्न होऊन गेलेली जोडपी. काही सासवा सुनांच्या तारखा घेऊन एकट्याच आल्या होत्या. सगळ्यांत पुढे होते कापडवाले भैय्याजी आणि त्यांच्या पत्नी प्रेमलता.

"आमचे चोवीस होते," भैय्याजी म्हणाले. "जरा परत पाह्य."

"पण भैय्याजी, तुमचं लग्न होऊन दोन वर्सं झाली."

"म्हणून तं पाहून राहिलो."

भैय्याजी रात्री एकचे. कागदावर अकरा आले. भैय्याजींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जणू कोर्टातून निकाल त्यांच्या बाजूनं लागलाय. "मी म्हणतच होतो. दोन वर्सांपासून म्हणून राहिलो. माही चूक नव्हतीच."

"अकरातले दहा माहे असतीन," प्रेमलता शांतपणे म्हणाल्या.

दुपारपर्यंत बाजाररस्त्यावरच्या निम्म्या संसारांची फेरतपासणी झाली. काहींचे गुण वाढले, आणि त्यांच्या बायका संशयानं कागद उलटापालटा करून पाहू लागल्या. दिवसा जन्मलेल्यांचे होते तसेच राहिले, तर तेही नाराज. आमच्याच कागदात काही केलं नाही का, म्हणाले. कोपऱ्यावरचे पत्रिका पाहणारे गुरुजी तेवढे खुशीत होते. दोन वर्षांत प्रथमच त्यांच्या ओट्यावर माणसं दिसत होती.

अरविंदचं डोकं फिरायची वेळ आली. दुपारी दार लोटून तो विचार करू लागला. ज्याचं सगळं पक्कं माहीत आहे असं कोणीतरी घालून पाहावं, म्हणून त्यानं स्वतःचीच पत्रिका काढली. तोही रात्री दोनचा. कागद घेऊन तो मागच्या खोलीत गेला. त्याची आई शांताबाई लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती.

"आई, मी कोणत्या वारचा?"

"सोमवारच्या रातचा. माहा सोमवारचा उपास होता, आणि तूनं सोडूच नाही देल्ला."

"कागदावर बुधवार आला."

शांताबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "पाह्य अरविंद. पहिले तूनं सोमवारचा मंगळवार केला. म्या म्हटलं, असन बाप्पा, इंग्रजीत असन. आता बुधवार? असाच सरकत राहिला तं तुह्या बारशाच्या दिवशी तू जन्मशीन."

सोमवार. मंगळवार. बुधवार. अरविंद कागद हातात धरून उभाच राहिला. सोमवारचा मंगळवार तर आपणच केला, दोन वर्षं करतोय, हातानं. मग मंगळवारचा बुधवार कोणी केला? काखेत कळसा नि गावाला वळसा. तो तसाच अनवाणी पोस्टात धावला आणि त्यानं नागपूरला फोन लावला.

"अबे श्रावण, रातच्या जन्माचं तूनं का केलं?"

"एक दिवस जोडला. बारा ते पाचच्या मधात जन्म असला का तो प्रोग्रामच जोडते. काहून?"

"मी पण जोडून राहिलो ना बे!"

 श्रावण म्हणाला, "तुले कोणं सांगतलं होतं?"

दोन दिवसांत हा प्रश्न अरविंदला दुसऱ्यांदा ऐकावा लागत होता. पण या वेळी तो आनंदानं हसला. आजार समजला होता आणि औषध अगदीच सोपं होतं: काही करायचं नाही. लोक सांगतात ती तारीख गुमान टाकायची. घरी येऊन त्यानं चिठ्ठीवरची प्रभाकरची तारीख जशीच्या तशी टाकली. प्रिंटर करकरला, आणि कागदावर सत्तावीस आले. प्रतिभानं तो कागद दोनदा वाचला आणि जाऊन कूलर सुरू केला. 

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो पांढुर्ण्याला गेला. पुंडलिकरावांच्या ओसरीवर बसून त्यानं केसरबाईंना सगळं समजावून सांगितलं. रात्र कोणाची, दिवस कोणाचा, फ्लॉपीनं काय केलं, आपण काय केलं. आणि शेवटी सत्तावीसचा कागद पुढे ठेवला.

केसरबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे लोक रात मागच्या दिवसात धरते, म्हणून तू एक दिवस जोडत होता."

"हाव, आजी."

"आणि आता मशीन जोडते."

"हाव."

"पण म्या तं जोडूनच देल्ला होता."

अरविंदला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "का म्हटलं, आजी?"

"तुह्या दुकानात पाटी नव्हती का? जन्मतारीख इंग्रजी सांगावी. प्रभाकरनं वाचून दाखवली. पोट्टा झाला गुरुवारच्या रातचा. म्या म्हटलं, इंग्रजीत शुक्रवार होते. म्हणून चिठ्ठीत शुक्रवार लिहाले लावला."

दोन वर्षांत ती पाटी वाचून तसं वागणारं एकही माणूस सौंसरात निघालं नव्हतं. निघालं ते पांढुर्ण्यात, आणि तेही बहिणीच्या सासरचं. म्हणजे पहिले सत्तावीस शनिवारचे होते. नऊ रविवारचे. आणि शुक्रवारचे, म्हणजे खरे, किती, ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मंग चाल, पाहून घेऊ," केसरबाई चपला शोधत म्हणाल्या. "माह्या नातवाच्या जन्माचे तीन दिवस झाले, आता खरा दिवस कोणता ते तं समजू दे."

सौंसरला येईपर्यंत अरविंद बसच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिला. एक मन म्हणत होतं, सत्तावीस हातानंच टाइप कर, कोणाला कळणार आहे. पण शेजारी केसरबाई आणि पुढच्या बाकावर पुंडलिकराव बसले होते, आणि पाटी वाचून वागणाऱ्या माणसाला फसवायचा त्याला धीर होईना.

दारात चपला निघाल्या. दादाजी, शांताबाई, पुंडलिकराव, सगळे यंत्राभोवती जमले. प्रतिभा दाराआड उभी होती. अरविंदनं गुरुवारची तारीख टाकली, म्हणजे पुढचं फ्लॉपी पाहून घेईल. प्रिंटर सुरू झाला. वधूचं नाव आलं, वराचं नाव आलं, नक्षत्रं आली, 'एकूण गुण' असे शब्द आले आणि लाइट गेली.

 कूलर घरघरत थांबला, आणि दोन मिनिटांत खोली भट्टीसारखी तापली. दादाजी म्हणाले, "अधिकात करू नका म्हटलं होतं." 

लाइट येईना. प्रतिभानं सगळ्यांना पन्हं आणून दिलं, आणि मग पंखा घेऊन केसरबाईंच्या बाजूला बसली.

"जरा जोरानं हालव माय," केसरबाई म्हणाल्या.

"जोरानं हालवलं तं पन्ह्यात धूळ जाईन, आजी. पहिले पिऊन घ्या."

अरविंदनं डोळे मिटले. केसरबाईंनी नातसुनेकडे, म्हणजे होऊ घातलेल्या, नीट पाहिलं आणि पेला रिकामा केला. मग प्रतिभानं खरोखरच जोरानं वारा घातला.

लाइट आली तेव्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं. या वेळी कागद पूर्ण निघाला. पुंडलिकरावांनी चष्मा पुसला नाही. तसाच कागद डोळ्यांजवळ नेला.

"साडेअठरा."

"किती लागते?" केसरबाईंनी विचारलं.

"अठरा," अरविंद म्हणाला.  पास होता, पण काठावर. सत्तावीस पाहून बसलेल्या माणसाला साडेअठरा चालतील का, हा प्रश्न खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता.

केसरबाई हसल्या. परवापासून प्रथमच. "हे बराबर हाय. सत्तावीस निघाले तेव्हापासून मले घोर लागला होता. सत्तावीस गुणाची नातसून घरात आली तं आजेसासूनं बोलावं कायले? दिवसभर तोंड मिटून बसाचं का? साडेअठरात दोघीइलेही बोलाले जागा राहते." आणि प्रतिभाच्या पाठीवर हात ठेवत त्या म्हणाल्या, "हिचं तोंड तं चांगलं चालते, म्या पाह्यलं आता."

पुंडलिकरावांनी सुस्कारा सोडला. शांताबाईंनी डोळे पुसले, आणि प्रतिभा इतक्या जोरात पंखा हलवू लागली की कागद उडाला. अरविंद तो धरायला धावला.

बाजाररस्त्यावरचे संसारही पुढच्या आठवडाभरात जागेवर आले. भैय्याजींचे अकराचे परत चोवीस झाले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "तो अकराचा कागद माह्याजवळच राहू दे," ते हळूच म्हणाले. "कधी कामात येईन." प्रेमलतानं तो आधीच चुलीत घातला होता.

अधिक सरला, साखरपुडा झाला, लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून श्रावण हसत हसत उतरला. शबनममधून त्यानं आणखी एक काळी फ्लॉपी काढली. "मोठा प्रोग्राम दिवाळीलेच येईन. पण तुह्यासाठी त्यातलं थोडंसं काढून परत जुन्यात बसवून आणलं. गुण आता अजून बारीक निघते."

अरविंदनं त्याला प्रेमानं जेवू घातलं आणि बसमध्ये बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रपूजेचा पाट मांडला गेला. दादाजींनी विळा, कुऱ्हाड, अडकित्ता ओळीनं ठेवले. अरविंद आत गेला, ती नवी फ्लॉपी घेऊन आला, पाटावर मधोमध ठेवली आणि हळदकुंकवाचं ताम्हण स्वतःच्या हातानं वडिलांपुढे सरकवलं.

"घ्या दादाजी," तो म्हणाला, "हिची पूजा पहिले करा. कुंकू जरा सढळ हातानं वाहा. इथं, या उघड्या जागी."